म्युनिकची रात्र, मोगादिशूची सात मिनिटं : उलरिच वेगेनर आणि जीएसजी ९

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)



कमांडो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेक एखादं रील. काळे कपडे, तोंडावर मास्क, हेलिकॉप्टरमधून दोरीने खाली उतरणारी माणसं आणि मागे ढॅण ढॅण म्युझिक. तीस सेकंद बघायचं, अंगावर काटा येतो, लाईक मारायचं आणि पुढे जायचं.

आज ज्या अधिकाऱ्याबद्दल आपण बोलणार आहोत, त्यांच्या दलात यातलं जवळपास सगळं होतं. पण त्यांच्या आयुष्याला वळण दिलं ते एका अशा रात्रीने, जेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं. समोर माणसं मरत होती आणि त्यांना फक्त बघत उभं राहावं लागलं. ते दल पुढे त्या बघत राहण्यातूनच उभं राहिलं.

त्यांचं नाव उलरिच वेगेनर. देश, तेव्हाचा पश्चिम जर्मनी. आणि दलाचं नाव जीएसजी ९. दहशतवादविरोधी कमांडो दल कसं असावं, हे शिकायला पुढे जगभरातले देश ज्यांच्याकडे गेले, त्यातलं हे एक. आपल्या एनएसजीचा, म्हणजे ब्लॅक कॅट कमांडोंचा आराखडाही ब्रिटनची एसएएस आणि जर्मनीची ही जीएसजी ९ समोर ठेवून केला गेला. त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी लांबची नाही. मुंबईपर्यंत येऊन पोचणारी आहे. शेवटपर्यंत थांबा.

पत्रकं वाटली म्हणून तुरुंग

वेगेनर यांचा जन्म २२ ऑगस्ट १९२९ चा. गावाचं नाव युटरबोग. बर्लिनच्या दक्षिणेला, ब्रांडेनबुर्ग भागात. हे लष्करी छावणीचं गाव. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ते होते पंधरा वर्षांचे. म्हणजे आपल्याकडे दहावीत असतो त्या वयाचे.

युद्ध संपलं आणि जर्मनीचे तुकडे झाले. वेगेनर यांचं गाव गेलं सोव्हिएत रशियाच्या ताब्यातल्या भागात, जो पुढे पूर्व जर्मनी झाला. म्हणजे हिटलरची हुकूमशाही गेली आणि काही वर्षांत दारात दुसरी राजवट उभी. हीसुद्धा विरोध ऐकून घेणारी नव्हती. तरुण वेगेनर यांनी कम्युनिस्ट राजवटीच्या विरोधात पत्रकं वाटली. पकडले गेले. सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढलं.

पत्रकं वाटली म्हणून दीड वर्ष! हे लक्षात ठेवा. कारण पुढे आयुष्यभर हा माणूस सरकारच्या हातातल्या बंदुकीचंच काम करणार होता. आणि ती बंदूक बेलगाम झाली की काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या अंगावर झेललेलं होतं.

१९५२ मध्ये ते पश्चिम जर्मनीत आले. आधी पोलिसात, मग १९५८ मध्ये बीजीएसमध्ये. बीजीएस म्हणजे केंद्र सरकारचं सीमा संरक्षण दल. हुद्दे लष्करासारखे, शिस्त लष्करासारखी, पण कारभार गृहमंत्रालयाखाली. आपल्या बीएसएफसारखं समजा. १९७२ साल उजाडलं तेव्हा ते तिथे लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर होते आणि गृहमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर यांच्याकडे संपर्क अधिकारी म्हणून काम करत होते.

आणि मग आला सप्टेंबर.

म्युनिक

१९७२ चं ऑलिंपिक म्युनिकला होतं. जर्मनीत याआधी ऑलिंपिक झालं होतं ते १९३६ मध्ये, बर्लिनला, हिटलरच्या काळात. त्यामुळे या वेळी जर्मनांना जगाला दाखवायचं होतं की बघा, आम्ही बदललोय. मग ठरवलं की बंदोबस्त दिसायलाच नको. क्रीडाग्रामात बंदूकधारी पोलीस नकोत, वातावरण मोकळं, हसतं-खेळतं ठेवायचं.

५ सप्टेंबरच्या पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ जण कुंपणावरून आत शिरले. इस्रायली खेळाडूंच्या खोल्यांपर्यंत पोचले. दोघांना तिथेच मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. मागणी काय, तर इस्रायलच्या तुरुंगातले दोनशेहून जास्त कैदी सोडा.

दिवसभर बोलणी चालली. गृहमंत्री गेन्शर स्वतः जाऊन म्हणाले, खेळाडूंना सोडा, त्यांच्या जागी मला ठेवा. अतिरेक्यांनी ऐकलं नाही. आणि वेगेनर? ते आपल्या मंत्र्यासोबत म्युनिकमध्येच होते. सगळं जवळून बघत होते.

आता जे झालं ते नीट ऐका. एकेक चूक ऐकण्यासारखी आहे.

पोलिसांनी दुपारी इमारतीवर चढून आत घुसायचा बेत केला. ट्रॅकसूट घातलेले पोलीस गच्चीवर चढले. पण समोर टीव्हीचे कॅमेरे. हे सगळं लाईव्ह दिसत होतं आणि क्रीडाग्रामातल्या खोल्यांमध्येही टीव्ही होते. आपल्या डोक्यावर काय चाललंय ते आतल्या माणसांना पडद्यावर दिसू शकत होतं! बेत गुंडाळावा लागला.

मग ठरलं की अतिरेक्यांना आणि ओलिसांना हेलिकॉप्टरने फ्युर्स्टनफेल्डब्रुक नावाच्या विमानतळावर न्यायचं आणि तिथे गाठायचं. पोलिसांनी नेमबाज ठेवले पाच. अतिरेकी निघाले आठ. किती जण आहेत, हा सगळ्यात पहिला प्रश्न, आणि त्याचंच उत्तर चुकलं. ते पाच जण खास प्रशिक्षण घेतलेले स्नायपर नव्हते. नेमबाजी बरी जमते असे साधे पोलीस. रात्रीचं बघायची दुर्बीण नाही. एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. विमानात वैमानिकांचे कपडे घालून पोलीस बसवले होते. त्यांनी ऐन वेळी आपापसात ठरवलं की हे आपल्याला झेपणारं नाही, आणि ते उतरून गेले. चिलखती गाड्या मागवल्या होत्या, त्या उशिरा पोचल्या.

गोळीबार सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. हेलिकॉप्टरमध्ये बांधून ठेवलेले नऊच्या नऊ ओलीस मेले. एक जर्मन पोलीस मेला. पाच अतिरेकी मेले, तिघे जिवंत सापडले. आणि या सगळ्याच्या मध्ये ‘सगळे ओलीस सुखरूप सुटले’ अशी बातमी जगभर गेलीसुद्धा! काही तासांनी ती मागे घ्यावी लागली. त्या घरच्यांचं काय झालं असेल, विचार करा.

आणखी एक. जे तिघे जिवंत पकडले होते, ते किती दिवस तुरुंगात राहिले? २९ ऑक्टोबरला लुफ्तान्साचं एक विमान पळवलं गेलं आणि जर्मनीने त्या तिघांना सोडून दिलं. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

‘आम्हाला एलिट दल नको’

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीकडे सैन्य होतं ना? मग सैन्य का नाही बोलावलं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेत देशाच्या आत सैन्य वापरण्यावर कडक बंधनं होती. कारण उघड आहे. त्यांच्याच देशात गणवेशातल्या माणसांनी काय केलं होतं, ते अख्ख्या जगाला माहीत होतं. कायदा आणि सुव्यवस्था हा विषय राज्यांचा, म्हणजे म्युनिकमध्ये जबाबदारी बव्हेरियाच्या पोलिसांची. आपल्याकडेही पोलीस हा राज्याचाच विषय आहे, त्यामुळे हा तिढा आपल्याला समजायला सोपा.

आणि त्याहून मोठी अडचण होती मनातली. ‘एलिट दल’ म्हटलं की जर्मन माणसाला हिटलरचं एसएस आठवायचं. निवडक, कडक, प्रश्न न विचारता हुकूम पाळणारी माणसं. युद्ध संपून सत्तावीस वर्षं झाली होती. ते बघितलेली पिढी अजून पन्नाशी-साठीत होती. अशा देशात एक माणूस म्हणतो की मला निवडक माणसांचं खास दल हवं. लोक दचकणारच.

म्युनिकनंतर तीन आठवड्यांत, २६ सप्टेंबर १९७२ ला, दल उभारण्याचा आदेश निघाला. काम सोपवलं वेगेनर यांच्याकडे. आणि त्यांनी एक गोष्ट पक्की केली: हे सैन्य नसेल. हे पोलिसांचं दल असेल. बीजीएसचा भाग, गृहमंत्रालयाच्या अधिकाराखाली. बीजीएसमध्ये तेव्हा आठ गट होते, म्हणून हा नववा. इतकं साधं नाव. ना वाघ, ना चित्ता, ना गरुड. सीमा संरक्षण गट नऊ. जीएसजी ९.

तुम्हाला वाटेल, पोलीस काय आणि सैन्य काय, बंदूक तीच. पण फरक फार मोठा आहे. सैनिकासमोर शत्रू असतो. पोलिसासमोर आरोपी असतो. पोलिसाचं पहिलं काम जीव वाचवणं आणि जमलं तर जिवंत पकडणं. गोळी ही शेवटची पायरी. आणि चालवलेल्या गोळीचा हिशोब कोर्टात द्यावा लागतो. म्हणून वेगेनर यांच्या माणसांना नेमबाजीबरोबर कायदाही शिकावा लागायचा.

भरती करताना नुसते धिप्पाड गडी नको होते. सगळे स्वतःहून आलेले हवेत. डोकं शांत हवं. मानसशास्त्रीय चाचण्या व्हायच्या. पाच-पाच जणांच्या छोट्या तुकड्या केल्या, ज्या गरज पडली तर स्वतःच निर्णय घेऊ शकतील. हेलिकॉप्टर, वेगाने गाडी चालवणं, दोरीवरून उतरणं, खऱ्या विमानांमध्ये शिरण्याचा सराव. ब्रिटनच्या आणि इस्रायलच्या लोकांकडून शिकले. बॉनजवळ हांगेलार नावाच्या ठिकाणी तळ उभा राहिला. आणि एप्रिल १९७३ मध्ये दल कामाला तयार झालं. सहा-सात महिन्यांत!

आणि मग? मग काहीच नाही.

म्हणजे छोटी-मोठी कामं होती. पण ज्यासाठी दल काढलं, तशी परीक्षा साडेचार वर्षं आलीच नाही. या भागाला रील बनत नाही मंडळी. रोज उठायचं, तोच दरवाजा परत उघडायचा, तीच शिडी परत लावायची, घड्याळ बघायचं, परत करायचं. आपल्याला कधी बोलावतील याचा पत्ता नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या श्रोत्यांना हे बहुतेक जास्त कळेल. फरक इतकाच की यांच्या परीक्षेची तारीखच जाहीर होणार नव्हती.

पाच दिवस, सहा विमानतळ

ती तारीख निघाली १३ ऑक्टोबर १९७७.

आधी थोडी पार्श्वभूमी. पश्चिम जर्मनीत तेव्हा रेड आर्मी फॅक्शन नावाची डावी अतिरेकी संघटना होती. तिचे मुख्य नेते तुरुंगात होते. त्यांना सोडवण्यासाठी संघटनेने ५ सप्टेंबर १९७७ ला उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांना पळवलं. त्यांच्या ड्रायव्हरला आणि तीन पोलिसांना जागीच मारून. सरकार झुकेना. म्हणून दबाव वाढवायला त्यांच्या साथीला आले चार पॅलेस्टिनी अतिरेकी. त्यांनी पळवलं लुफ्तान्साचं बोइंग ७३७. विमानाचं नाव ‘लांड्सहुट’. स्पेनच्या मायोर्का बेटावरून फ्रांकफुर्टला चाललं होतं. ८६ प्रवासी, ५ कर्मचारी. बरेचसे लोक सुट्टी संपवून घरी निघालेले.

विमान गेलं रोमला. तिथून सायप्रसला. मग बहरीन, मग दुबई, मग एडन, आणि शेवटी सोमालियाची राजधानी मोगादिशू.

वेगेनर आपली माणसं घेऊन मागावर निघाले. सायप्रसला पोचेपर्यंत विमान पुढे निघालेलं. हा पाठलाग आता सिनेमासारखा वाटतो, पण खरी कटकट वेगळीच होती. परवानगी! जर्मन कमांडो दुसऱ्या देशाच्या जमिनीवर बंदुका घेऊन कसे उतरणार? कुठलं सरकार हो म्हणणार?

दुबईत एक प्रकार झाला. विमानाचे कॅप्टन युर्गन शूमान यांनी मोठ्या हुशारीने, सिगारेटी मागवण्याच्या निमित्ताने, बाहेर इशारा दिला की अपहरणकर्ते चार आहेत. आठवतंय ना, म्युनिकमध्ये हाच आकडा चुकला होता? इथे तो आयता मिळाला. पण दुबईतल्या एका बड्या व्यक्तीच्या मुलाखतीत ही गोष्ट बाहेर पडली. बातमी विमानातल्या रेडिओपर्यंत पोचली. टोळीच्या म्होरक्याने शूमान यांना प्रवाशांसमोर जिवे मारायची धमकी दिली.

पुढचा थांबा एडन. तिथे उतरू देईनात. धावपट्टीवर गाड्या आडव्या लावलेल्या. इंधन संपत आलेलं. विमान धावपट्टीशेजारच्या वाळूत उतरवावं लागलं. चाकं धड आहेत का ते बघायला शूमान खाली उतरले आणि परतायला त्यांना उशीर झाला. परत आल्यावर म्होरक्याने त्यांना सगळ्यांच्या देखत गोळी घातली. विमानात लहान मुलंही होती.

सहवैमानिक युर्गन फीटर यांनी एकट्याने विमान उडवलं आणि १७ ऑक्टोबरला सकाळी मोगादिशूला उतरवलं.

सात मिनिटं

मोगादिशूला चित्र बदललं. चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी सोमालियाचे अध्यक्ष सियाद बारे यांच्याशी फोनवर बोलून परवानगी मिळवली. मंत्री हान्स-युर्गन विश्नेव्स्की बोलणी करायला तिथे हजर होते. विमानात प्रवाशांना बांधलं होतं आणि त्यांच्या अंगावर विमानातलीच दारू ओतली होती, पेटवायला सोपं जावं म्हणून. मुदत संपत आली होती. मग त्यांना सांगण्यात आलं की ठीक आहे, तुमचे कैदी सोडतोय, ते विमानाने निघालेत, पोचायला रात्र होईल. मुदत वाढली. रात्री अडीचपर्यंत.

कैद्यांचं विमान निघालंच नव्हतं. अंधारात दिवे बंद करून जे विमान उतरलं, त्यात जीएसजी ९ होती.

रात्री दोन वाजून पाच मिनिटं. सोमाली सैनिकांनी विमानाच्या नाकासमोर थोड्या अंतरावर आग पेटवली. काय आहे बघायला अतिरेकी पुढे कॉकपिटकडे गेले. तेवढ्यात मागून अंधारातून आलेल्या तुकड्यांनी काळ्या रंगाच्या शिड्या लावल्या होत्या. दरवाजे एकदम उघडले. मदतीला ब्रिटनच्या एसएएसचे दोन जवान आले होते, त्यांनी डोळे दिपवणारे, कान बधिर करणारे ग्रेनेड फेकले. आणि आत शिरताना सगळे जर्मनमध्ये ओरडले, डोकी खाली! जर्मनमध्ये का? कारण बहुतेक प्रवाशांना जर्मन कळत होतं आणि अतिरेक्यांना नाही. किती साधी गोष्ट आहे! पण ती आधी कुणाला तरी सुचून ठेवावी लागते.

वेगेनर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. लांब कंट्रोल रूममध्ये बसून त्यांनी हुकूम सोडले नाहीत. ते स्वतः विमानापाशी, कारवाईच्या पुढच्या फळीत होते.

सात मिनिटांत संपलं. चार अतिरेक्यांपैकी तीन ठार झाले, एक स्त्री अतिरेकी जखमी पण जिवंत. दलातला एक जण जखमी. ८६ च्या ८६ प्रवासी जिवंत. उरलेले चार कर्मचारीही जिवंत.

तिकडे बॉनमध्ये श्मिट फोनपाशी बसले होते. हे फसलं असतं तर राजीनामा द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे सात मिनिटांवर ९० जीव टांगले होते आणि वर एक सरकारही.

पण ही गोष्ट ‘आणि सगळं गोड झालं’ अशी संपत नाही. त्याच रात्री तुरुंगात रेड आर्मी फॅक्शनचे तीन नेते मरण पावले. सरकारी चौकशीत ती आत्महत्या ठरली. आणि ओलीस ठेवलेल्या श्लायर यांचा खून झाला. १९ ऑक्टोबरला त्यांचा मृतदेह फ्रान्समध्ये एका गाडीच्या डिकीत सापडला. विमानातले ९० वाचले, तो एक नाही वाचला. श्मिट आणि त्यांचं सरकार हे ओझं घेऊन पुढे जगलं. कमांडो दल एक दरवाजा फोडू शकतं. देशापुढचा सगळाच प्रश्न ते सोडवू शकत नाही.

नंतर

वेगेनर रातोरात हिरो झाले. सरकारी सन्मान मिळाले. जगभरातून बोलावणी आली, आम्हालाही असं दल काढून द्या म्हणून. ते बीजीएसमध्ये वरच्या पदावर गेले आणि १९८८ मध्ये निवृत्त झाले.

जीएसजी ९ चं पुढे सगळं छानच झालं का? नाही. १९९३ मध्ये बाड क्लाइनेन नावाच्या रेल्वे स्टेशनवर एका अटकेच्या कारवाईत गोंधळ झाला. दलाचा एक जवान आणि पकडायला गेले तो अतिरेकी, दोघेही मेले. अतिरेक्याला जवळून गोळी घातली का, असा आरोप झाला. चौकशी झाली, त्याने स्वतःवर गोळी झाडली असा निष्कर्ष निघाला. पण त्याआधीच देशाच्या गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला होता. माझ्या मते हेसुद्धा वेगेनर यांनी घालून दिलेल्या पायाचाच भाग आहे. ज्या दलाचं जग कौतुक करतं, त्यालाही प्रश्न विचारता आला पाहिजे. पोलीस दल म्हणून उभं केलं ते यासाठीच.

उलरिच वेगेनर २८ डिसेंबर २०१७ ला गेले. त्याच वर्षी ‘लांड्सहुट’ विमान, जे ब्राझीलच्या फोर्तालेझा विमानतळावर गंजत पडलं होतं, ते सुटं करून जर्मनीला परत आणलं गेलं.

आणि मुंबई

आता येऊ आपल्याकडे.

ऑपरेशन ब्लू स्टारनंतर, १९८४ मध्ये एनएसजी उभी राहिली. २५ एप्रिल १९९३ च्या पहाटे अमृतसरला पळवून आणलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानात एनएसजीचे जवान घुसले, काही मिनिटांत अपहरणकर्ता मारला गेला आणि सगळे प्रवासी सुखरूप सुटले. म्हणजे आपलंसुद्धा एक मोगादिशू आहे. किती जणांना माहीत होतं?

पण सहा वर्षांनी, डिसेंबर १९९९ मध्ये, आयसी ८१४ त्याच अमृतसरला उतरलं आणि एनएसजी पोचायच्या आत उडूनही गेलं. पुढे कंदाहार. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आणि २६ नोव्हेंबर २००८. रात्री साडेनऊच्या सुमाराला हल्ला सुरू झाला. एनएसजीचा तळ हरियाणात मानेसरला. मोठं विमान यायचं चंदीगडहून. कमांडो मुंबईत पोचले २७ तारखेच्या सकाळी. तोपर्यंत कोण लढलं? मुंबईचे पोलीस. नंतर नौदलाचे मार्कोस आले. पण पहिल्या तासांमध्ये साधे पोलीस. तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर लाठी होती, आणि त्यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली, सोडली नाही. शौर्य आपल्याकडे कधीच कमी नव्हतं. कमी पडलं ते शौर्य वेळेवर पोचवणारं विमान. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंग यांनी ताज आणि नरिमन हाऊसमध्ये जीव दिला. २००९ मध्ये मग मुंबईसह चार शहरांत एनएसजीचे तळ झाले, आणि महाराष्ट्राने स्वतःचं फोर्स वन उभं केलं. जर्मनीने म्युनिकनंतर केलं ते आपण मुंबईनंतर केलं. दोघांनीही किंमत आधी मोजली.

आता शेवटचा मुद्दा. आणि हा सरळ तुमच्या-माझ्या खिशातल्या वस्तूबद्दल आहे.

म्युनिकमध्ये टीव्ही कॅमेऱ्यांमुळे बेत फसला. दुबईत मुलाखतीतून माहिती फुटली. आणि मुंबईत नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आपण सगळ्यांनी लाईव्ह पाहिलं. पाकिस्तानात बसलेले हल्ल्याचे सूत्रधारही टीव्ही बघत होते आणि फोनवरून आतल्यांना सूचना देत होते. कसाबच्या खटल्याच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक शब्दांत टीका केली. २०१५ मध्ये नियम आला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना वाहिन्यांनी ती थेट दाखवायची नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, सरकारला परत सूचना काढावी लागली, आणि या वेळी त्यात सोशल मीडिया वापरणाऱ्यांचाही उल्लेख होता.

कारण २००८ मध्ये कॅमेरे वाहिन्यांकडे होते. आज ते प्रत्येक गॅलरीत उभे आहेत. ‘फक्त एक स्टोरी टाकतो’ म्हणणारा प्रत्येक जण आज एक वाहिनी आहे.

वेगेनर यांच्या माणसांना विमानापर्यंत पोचायला हवा होता अंधार. तो अंधार शेकडो लोकांनी मिळून राखला. दिवे बंद ठेवणारे वैमानिक, आग पेटवणारे सोमाली सैनिक, फोनवर वेळ काढणारे अधिकारी. त्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. देव न करो, पण उद्या तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काळ्या कपड्यातली माणसं दिसली, तर तुमच्या वाट्यालाही तेवढंच काम येईल. फोन खिशात ठेवायचा. बास.

आजच्या भागात एवढंच. घरात कुणी बीएसएफ, सीआरपीएफ, एसआरपीएफ किंवा सैन्यात असेल तर त्यांना हा भाग ऐकवा, आणि त्यांना काय वाटलं ते मला नक्की कळवा. आपल्या अमृतसरच्या १९९३ च्या कारवाईवर वेगळा भाग हवा असेल तर तेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!